कळशीतलं ताक

"हात धुतले होतेस?" मिरीकर मॅडमनी विचारलं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढलेल्या मुलीला हे विचारणं म्हणजे आचाऱ्याला मीठ ओळखतोस का म्हणण्यासारखं होतं. पण त्या चेष्टा करत नव्हत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर प्रत्येक नमुन्याची एक रेषा होती, आणि सगळ्याच्या सगळ्या वर चढल्या होत्या.

"धुतले होते. हातमोजे होते. पिपेटची टोकं नवी काढली होती."

"पाण्याची नळी?"

"कोरी आहे, मॅडम."

नमुन्यांबरोबर एका नळीत आम्ही नुसतं पाणी ठेवत असू. तिच्यात काही सापडलं, तर घाण आपल्याच टेबलावर झाली असं समजायचं. पाण्याची रेषा तळाशी आडवी पडून होती.

"पुन्हा कर."

"दोनदा केलंय."

मॅडमनी चष्मा खाली ओढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मग टेबलावर नाही. टेबलाच्या आधी. डब्या कोणी आणल्या?"

"मीच."

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

आमचा अभ्यास सांगायला सोपा होता. करमाळ्याच्या पुढे आडवाटेला मुलींची एक निवासी शाळा होती. तिथल्या मोठ्या वर्गांतल्या चाळीसेक मुलींचं कशातच लक्ष टिकत नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. पोटातल्या जंतूंचा आणि लक्ष टिकण्याचा काही संबंध असेल का, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात तेव्हा बरेच जण विचारत होते आणि छातीठोक उत्तर कुणापाशी नव्हतं. आम्ही त्या मुलींना रोज संध्याकाळच्या जेवणात ताकातून घ्यायला एकेक पुडी दिली. निम्म्या पुड्यांत एका जातीचे जिवंत जंतू, निम्म्यांत मक्याचं पीठ. रंग एक, चव एक. कुणाची पुडी कसली, हे मुलींना ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, मॅडमनाही नव्हतं. ते फक्त दुसऱ्या विभागातल्या एका गृहस्थांना माहीत होतं, आणि ते आमच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत.

शाळा मॅडमनीच निवडली होती. सगळ्या मुली एका स्वयंपाकघरातलं जेवतात, एका विहिरीचं पाणी पितात. म्हणजे पोटात काही फरक दिसला, तर तो पुडीमुळेच. "इतकी स्वच्छ जागा शोधून सापडायची नाही," असं त्या म्हणाल्या होत्या.

मधूनमधून मी तिथे जाऊन मुलींच्या शौचाचे नमुने आणत असे. झाकणाच्या छोट्या डब्या, डब्या बर्फाच्या पेटीत, पेटी जीपमध्ये. यामुळे तिथे माझं नाव 'डबीताई' पडलं होतं. पुडीतल्या जंतूच्या जनुकात एक खूण होती. ती सापडली की पडद्यावरची रेषा वर चढायची, आणि जंतू पोटात पोचला, हे कळायचं. साधारण निम्म्या नमुन्यांत खूण सापडायला हवी होती. सापडली सगळ्यांत.

उरलेल्या पुड्या मी तपासल्या. निम्म्या जिवंत, निम्म्या निव्वळ पीठ. म्हणजे पुड्या बरोबर होत्या. राहिली बर्फाची पेटी. रस्ता खडबडीत, झाकणं पिळायची; एकीतलं दुसरीत झिरपलं असेल, तर माझे आतापर्यंतचे सगळे नमुने टाकून द्यायच्या लायकीचे. मार्चमध्ये माझी शिष्यवृत्ती संपत होती. त्याचं दुःख होतंच, पण माझ्या हाताखालून घाणेरडं काम गेलं असेल, हे मला त्याहून जास्त लागत होतं.

"पेटी झिरपते का, हे बघायला काय करशील?" मॅडमनी विचारलं.

मी त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून कपड्यांची नीळ आणली. निम्म्या डब्यांत निळीचं दाट पाणी भरलं, निम्म्यांत साधं. पेटी नेहमीसारखी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जीप आणि तोच रस्ता. फक्त या वेळी मॅडमही बरोबर होत्या. टेंभुर्णीला जीप आत वळली. पुढे खड्डे लागले तेव्हा ड्रायव्हरला म्हणाल्या, "चुकवू नका. नेहमी जाता तसेच जा."

मी मागच्या सीटवर पेटीवर हात ठेवून बसले होते.

शाळेच्या फाटकात जीप शिरली, तशी मयूरी वाघमोडे धावत आली. ती नेहमी धावतच यायची. नववीतली, सडपातळ, एक वेणी सुटलेली. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. अभ्यासाच्या सुरुवातीला मी मुलींची एक चाचणी घेतली होती: संगणकावर चांदणी दिसली की बटण दाबायचं, फूल दिसलं की नाही. सगळ्यांत कमी गुण मयूरीचे. अर्ध्या चांदण्या तिला दिसल्याच नाहीत, कारण ती खिडकीबाहेर बघत होती. वर्गशिक्षिकेनं तिच्याबद्दल सांगितलं होतं, "डोकं आहे हो, पण ते कुठे ठेवलंय, हे तिलाच आठवत नाही." वही विसरते, चप्पल विसरते, एकदा परीक्षेचा पेपर अर्धा सोडून पाणी प्यायला गेली ती परतच आली नाही.

"डबीताई, आज बुधवार न्हाई, आज कशा?" असं म्हणत तिनं पेटीचं दुसरं टोक धरलंसुद्धा.

व्हरांड्यात पेटी ठेवली. मुली गोळा झाल्या. वसतिगृहाच्या लोंढे बाई पदर खोचत आल्या आणि मॅडमना बघून दचकल्या. मी एकेक डबी काढून फरशीवर मांडू लागले.

"अगं बया," मयूरी निळ्या डबीकडे बघून म्हणाली, "हे असलं कुणाला झालं, ताई?"

मुली फिदीफिदी हसल्या. मॅडमही हसल्या, ते मी त्या दिवसात पहिल्यांदा बघितलं.

मी साध्या पाण्याच्या डब्या उघडल्या. पांढऱ्या कागदावर धरून एकेक बघितली. नंतर मॅडमनी बघितली. पाणी स्वच्छ होतं. एकाही डबीत निळसर झाकसुद्धा नव्हती.

मी फरशीवर बसले.

"काय हुडकताय?" मयूरीनं एक डबी कानाशी हलवून बघितली. "झाकणं घट्ट हाईत की. कालवल्याबिगर ह्यातलं त्यात कसं जाईल?"

"आम्हालाही तेच कळत नाहीये, बाळ," मॅडम म्हणाल्या. त्या लहान मुलांशीही सहकाऱ्याशी बोलावं तसंच बोलत. "खऱ्या पुडीतले जंतू तुमच्यातल्या निम्म्याच जणींच्या पोटात सापडायला हवे होते."

"मग?"

"सगळ्यांच्या सापडले."

मयूरी थांबली. तिला पूर्ण थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. हातातली डबी हातातच राहिली.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"एकबी सुटली न्हाई?"

"एकही नाही."

तिचा चेहरा असा उजळला, की जणू तिच्या संघानं सामना जिंकला होता. ती वळली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, "ए पोरींनो, सगळ्यांना गेलं बघा. एकबी सुटली न्हाई."

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं तोंडावर हात ठेवला. लोंढे बाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "काय गेलं सगळ्यांना? मयूरे, काय केलंस?"

मग ते बाहेर आलं. आणि ऐकता ऐकता मला आठवलं, की ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

त्या वसतिगृहात मुलींची एक चाल होती. घरून काही आलं, लाडू, चिवडा, एक पेरू का असेना, ते आधी परातीत जायचं. परातीतून सगळ्यांना. एकटीनं खाणं म्हणजे तिथे चोरीपेक्षा वाईट. पहिल्या भेटीत मी चिक्की नेली होती, तेव्हा ती वरवंट्यानं ठेचून भुगा वाटला गेला होता. मला ते फार गोड वाटलं होतं. मीही माझा चिमूटभर भुगा खाल्ला होता.

"तुम्हीच सांगितलं हुतं, ताई," मयूरी माझ्याकडे बघून म्हणाली. "निम्म्या पुड्यांत औषध, निम्म्यांत पीठ. कुणाला काय, ते तुम्हालाबी म्हाईत न्हाई. व्हय का न्हाई?"

"हो." मी खरंच सांगितलं होतं. सांगणं बंधनकारक होतं.

"मग आमच्यातल्या निम्म्या पीठच खाणार. आन् त्या कोण, तेबी कळायचं न्हाई. कळलं असतं तर ज्याला त्याला दिलं असतं काढून. कळत न्हाई म्हणल्यावर काय करायचं? सगळं कालवलं."

"कालवलं म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"कळशीत. बाई बघायच्या तवा पुडी पेल्यातच टाकायचो आम्ही. बाई तिकडं बारक्या पोरींना वाढायला गेल्या, की सगळे पेले कळशीत. ढवळायचं. परत पेल्यात."

"अगं भवाने," लोंढे बाई म्हणाल्या, "रोज?"

"रोज."

लोंढे बाईंचा हात वर गेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यांना काही म्हणू नका. पुडी पेल्यात पडताना बघा, एवढंच आम्ही तुम्हाला सांगितलं होतं. पिताना बघा, असं सांगितलंच नव्हतं." आणि त्या व्हरांड्याच्या पायरीवर, मुलींच्या चपलांशेजारी, बसल्या. साडीची निरी धुळीत गेली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मयूरी, इकडे बस. हे कोणी ठरवलं?"

"परातीचा नेमच हाय तो. ठरवायचं काय त्यात?"

"पण करायचं कोणी?"

"मी." मग जरा विचार करून ती म्हणाली, "दुसरीवर सोडलं, तर इसरायची एखाद्या दिवशी."

मुलींत हशा पिकला. मयूरीनं विसरण्याबद्दल दुसऱ्याला नाव ठेवावं, हे त्यांना फारच झालं. मागून एक आवाज आला, "ही बया अंघोळीला जाताना टॉवेल इसरती, मॅडम."

"आणि तू एकदाही विसरली नाहीस?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई."

"आजारी पडलीस तेव्हा?"

"कांजिण्या आल्या तवा मला त्या पलीकडच्या खोलीत कोंडलं हुतं," ती बोट दाखवत म्हणाली. "खिडकीतनं वरडून सांगायची मी. कळशी खिडकीखाली ठिवायला लावायची, म्हंजे दिसायची."

"खरंय," लोंढे बाई नाइलाजानं म्हणाल्या. "मला वाटायचं, तापात बडबडतेय."

"वर्गात वही मात्र विसरतेस म्हणे."

"वही काय," मयूरी म्हणाली, "माझी एकटीचीच असती ती."

मग मॅडमनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं: काही जणींना पीठ दिल्याशिवाय औषधाचा गुण आला की मनाचा खेळ झाला, ते कळत नाही. मयूरीनं ऐकून घेतलं. ऐकताना ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली, पण ऐकत होती.

"म्हंजे कुणीतरी पीठ खायचं, मग सगळ्यांना कळणार."

"हो."

"ते कुणी खायचं, ते कोण ठरीवतं?"

"चिठ्ठ्या टाकून ठरतं. कुणावर अन्याय नको म्हणून."

"चिठ्ठ्यांनी ठरीवलं, तरी पीठ ते पीठच की, मॅडम."

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर नसलं, की मॅडम तसं कबूल करत. त्या वेळी त्यांनी फक्त मान हलवली.

मी डब्यांची झाकणं लावत होते. माझे हात स्वच्छ होते. पेटी स्वच्छ होती. माझं काम कुठेही चुकलं नव्हतं, आणि ते सगळं वाया गेलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. कुठलं तोंड करून बसावं, ते मला कळेना.

मुली पांगल्यावर लोंढे बाईंनी विचारलं, "मग आता पुड्या बंद करायच्या ना?"

"उद्यापासून," मॅडम म्हणाल्या. "आजचं जेवण नेहमीसारखं होऊ दे. मला बघायचंय."

दिवेलागणीला जेवणाची घंटा झाली. पुडीवाल्या मुली भिंतीकडेच्या पंगतीत बसल्या. पुड्या फाटल्या, पेल्यांत पडल्या. लोंढे बाई, पाठ फिरवायची की नाही या विचारात, मॅडमकडे बघू लागल्या. मॅडम म्हणाल्या, "जा ना, बारक्या मुली थांबल्यात."

मयूरी कळशी घेऊन उठली.

मी पुष्कळ कुशल माणसांना काम करताना बघितलंय. प्रयोगशाळेत वीस-वीस वर्षं नळ्या भरणारे हात बघितलेत. तिच्यासारखं मी फार थोडं बघितलं. पेले कळशीत रिते होत गेले. एकही पेला तिनं तळाशी थेंब ठेवून परत दिला नाही, थोडं ताक घालून विसळून घेतला. मग पळीनं ढवळलं, गोल नाही, तळातून वर. वाटताना चार-पाच पेल्यांनंतर थांबून पुन्हा ढवळत होती.

"सारखं का ढवळतेस?" मॅडमनी विचारलं.

"तळाला बसतं ते. न्हाईतर शेवटच्या पोरीला घट्ट, पहिलीला पाणी." पेल्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "म्हणून काल जिथं संपीवलं, तिथनं आज सुरू करती. संगीता, पेला सरळ धर. ए, रुकसाना कुठाय?"

"हात धुवायला गेलीय."

"तिचा ठिवा बाजूला."

मधेच ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून ओरडली, की बारक्यांतली एक रडतेय, तिला कुणीतरी घ्या. आमच्यापैकी कुणालाही ते रडणं ऐकू आलं नव्हतं. पळी तेवढ्यात थांबली नाही. शेवटचा पेला भरला, तेव्हा कळशीत बरोबर तळ दिसत होता.

मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "हिची चांदण्यांची चाचणी कुठल्या खोलीत घेतली होतीस?"

"त्या कोपऱ्यातल्या."

"तिच्या खिडकीतून काय दिसतं?"

मी वळून बघितलं. त्या खिडकीतून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि बारक्या मुलींचं अंगण.

मयूरीनं कळशी खाली ठेवली, आमच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. दोन रिकामे पेले आणले. जवळच्या दहा-बारा पेल्यांतून एकेक घोट त्यांत ओतून घेतला. कुणी कुरकुर केली नाही. ते पेले तिनं आमच्यासमोर धरले.

"अगं, आम्हाला नको," मी म्हणाले.

"पंगतीत बसला न्हवं? मग परातीत आला तुम्ही."

मॅडमनी पेला घेतला. आयुष्यभर त्यांनी आम्हाला एकच शिस्त लावली होती: नमुन्याला तोंड लावायचं नाही, अभ्यासात स्वतः शिरायचं नाही. त्या ताक शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, आणि पदरानं त्यांनी ओठ टिपले. मग मीही प्यायले. जरा आंबट होतं, चांगलं होतं.

परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, "सगळं लिहून काढ. कळशीसकट."

"मग अभ्यास?"

"अभ्यास गेला. पण का गेला, ते आपल्याला कळलंय. लोकांना तेवढंही कळत नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझे हात स्वच्छ होते. मी तसं विचारायला नको होतं."

"विचारायलाच हवं होतं, मॅडम."

त्यांनी खिडकीची काच वर केली.

आम्ही ते लिहिलं. वाचून काही जण हसले. माझी पीएचडी दोन वर्षं लांबली. त्या काळात मॅडमनी मला कुठून कुठून काम मिळवून दिलं, ते मी कधी विचारलं नाही. पुढच्या अभ्यासात आम्ही मुलींचे गट केले नाहीत, वसतिगृहांचे केले: एका कळशीतलं पिणाऱ्या सगळ्या एका गटात. आणि पिठाच्या वसतिगृहांना अभ्यास संपल्यावर खऱ्या पुड्या द्यायच्या, हे मॅडमनी सुरुवातीलाच आराखड्यात घालून घेतलं. खर्च वाढतो, म्हणून पैसे देणाऱ्या समितीनं हरकत घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला एका मुलीला उत्तर द्यायचंय." पुड्यांनी लक्ष टिकण्यात फरक पडतो का, ते तेव्हाही छातीठोक सांगता आलं नाही. शास्त्रात असं पुष्कळदा होतं.

मयूरी दहावीला एकदा बसली, आपटली, दुसऱ्यांदा निघाली. आता एसटीत कंडक्टर आहे. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "उभ्यानं करायचं काम हाय, ताई. बसायला लागत न्हाई." गाडी थांब्यावर थांबली होती. बोलता बोलता ती मागच्या दाराकडे बघून ड्रायव्हरला म्हणाली, "थांबा, म्हातारी येतीय." मी वळून बघितलं. रस्त्याच्या पार टोकाला एक म्हातारी येत होती.

एक गोष्ट मात्र आम्ही लेखात घातली नाही. शाळेतल्या त्या भेटीनंतरच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये दोन डब्या जास्तीच्या होत्या. एक माझी होती. दुसरीवर नाव नव्हतं, नुसती तारीख होती, पण ते बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर मी तीन वर्षं वाचत आले होते. मी काही न विचारता दोन्ही तपासल्या. पाण्याची नळी कोरी आली.

बाकीच्या दोन्ही रेषा वर चढल्या. मी तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं, आणि म्हणाल्या, "एकबी सुटली न्हाई."